पंचवीस चिंचोक्यांची किंमत

समजा, धारवाडला पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी पोकरची स्पर्धा रंगली आहे. कुणाच्याही खिशातून पैसा निघालेला नाही. पैशांच्या जागी चिंचोके आहेत आणि बक्षीस म्हणून लाइन बझारमधून आणलेले १०० पेढे. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २० आणि चौथ्याला काहीच नाही. बाकीचे हरून उठले, चौघे उरले, आणि योगायोगाने प्रत्येकापुढे नेमके २५ चिंचोके आहेत. चिंचोके देऊन पेढे मिळत नाहीत. ज्याचे चिंचोके संपतील त्याने उठायचं, आणि कोण कधी उठला यावरून क्रमांक ठरायचे.

तुमच्यापुढच्या २५ चिंचोक्यांची किंमत किती? चौघे सारखे, पेढे शंभर, तेव्हा सरासरीने २५ पेढे. इथवर सोपं आहे. आता एकाने आपले सगळे चिंचोके पुढे लोटले, तुम्हीही लोटले, आणि तुम्ही जिंकलात. तो उठला, तुमच्यापुढे ५० चिंचोके आले. त्यांची किंमत किती?

पन्नास म्हणावंसं वाटतं, पण ते शक्यच नाही. सगळ्यांत मोठं बक्षीसच ५० पेढ्यांचं आहे आणि अजून दोघे खेळताहेत. नीट हिशेब केला तर उत्तर येतं ३८ पेढे आणि वर एक तृतीयांश. चिंचोके दुप्पट झाले, पेढे जेमतेम दीडपट. हरला असतात तर मात्र २५ च्या २५ पेढे गेले असते. जिंकलेला चिंचोका हरलेल्या चिंचोक्यापेक्षा स्वस्त असतो! हातात धड चांगली नाहीत, धड वाईटही नाहीत अशी काठावरची पानं आली असताना सगळं पणाला लावायचं की नाही, हा पोकरच्या स्पर्धेतला सगळ्यांत अवघड प्रश्न. तो या एका विषमतेभोवती फिरतो, आणि तिच्यातून जे काही निघतं ते पाहून मी आजही थक्क होतो.

हिशेब असा. सगळ्यांचे चिंचोके एका पिशवीत टाकले आणि न बघता एक काढला. तो ज्याचा निघेल तो पहिला. मग त्याचे उरलेले सगळे चिंचोके पिशवीतून बाजूला काढायचे आणि पुन्हा एक उचलायचा. तो ज्याचा, तो दुसरा. तुमच्याकडे ५० आणि इतर दोघांकडे २५-२५ असतील तर तुम्ही पहिले येण्याची शक्यता निम्मी, दुसरे येण्याची एक तृतीयांश, तिसरे येण्याची एक षष्ठांश. निम्म्या वेळा ५० म्हणजे २५ पेढे, एक तृतीयांश वेळा ३० म्हणजे १०, एक षष्ठांश वेळा २० म्हणजे तीन आणि थोडे. बेरीज ३८ आणि एक तृतीयांश.

यातला पहिल्या क्रमांकाचा भाग नुसता अंदाज नाही, तो सिद्ध करता येतो, आणि सिद्धता दोन ओळींची आहे. सगळे सारख्या ताकदीचे असतील तर डावागणिक तुमचे चिंचोके सरासरीने वाढतही नाहीत, घटतही नाहीत. शेवटी मात्र एकाकडे सगळे १०० आणि इतरांकडे शून्य. सरासरी २५ च राहायची आणि शेवट एकतर १०० किंवा शून्य, तर १०० होण्याची शक्यता चारात एक असल्यावाचून हे जमणारच नाही.

आता उरलेल्या दोघांकडे बघा. ते हात बांधून बसले होते. तुमची आणि उठलेल्या त्या एकाची टक्कर झाली, आणि त्या दोघांच्या २५-२५ चिंचोक्यांची किंमत २५ पेढ्यांवरून जवळजवळ ३१ वर गेली. पानं पाहिली नाहीत, चिंचोका हलवला नाही, आणि प्रत्येकाला सहा-सहा पेढे मिळाले. तुमच्या दुप्पट चिंचोक्यांतून जे पेढे ‘गायब’ झाले, ते इथे आहेत. तुम्ही जोखीम घेतलीत, आणि तिचा हप्ता बघणाऱ्यांच्या खात्यात जमा झाला.

अर्धवट राहिलेल्या खेळातल्या चिंचोक्यांना आज किती किंमत द्यायची, हा प्रश्न फार जुना आहे. इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात तो मांडला, पण उत्तर चुकलं. बरोबर उत्तर सापडलं १६५४ च्या उन्हाळ्यात, पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या पत्रव्यवहारात. पास्कलचं उदाहरण असं: दोघांनी ३२-३२ मोहरा लावल्या, तीन डाव आधी जिंकेल त्याच्या सगळ्या. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. वाटणी कशी करायची? पास्कल म्हणतो, पुढचा डाव हरला तरी पहिल्याला ३२ मिळणारच आहेत, ते त्याचेच. उरलेल्या ३२ बाबत दोघांना सारखीच संधी आहे, त्या निम्म्या-निम्म्या. म्हणून ४८ आणि १६. मागे काय घडलं ते विसरून पुढे काय काय घडू शकतं ते मोजायचं, ही कल्पना यातूनच रुजली. संभाव्यताशास्त्र नावाची अख्खी विद्याशाखा या न संपलेल्या खेळाच्या पोटी जन्माला आली.

पिशवीतून चिंचोके काढण्याची रीत मात्र आली घोड्यांकडून. डेव्हिड हार्व्हिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये शर्यतीच्या घोड्यांवर एक शोधनिबंध लिहिला. प्रत्येक घोडा पहिला येण्याची शक्यता माहीत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची शक्यता कशी काढावी? जिंकणारा घोडा शर्यतीतून वगळा आणि उरलेल्यांत तेच प्रमाण लावा, असं त्याचं उत्तर. पुढे १९८७ मध्ये पोकरवर लिहिणाऱ्या मेसन मालमुथने हाच हिशेब पोकरच्या खेळाडूंसाठी मांडला. आज जगभरच्या स्पर्धांत शेवटचे खेळाडू बक्षिसाची आपसांत वाटणी करून उठतात, तेव्हा बहुधा हाच हिशेब मांडतात.

इथे कुणाला गणिती दानिएल बेर्नुलीची आठवण होईल. त्याने १७३८ मध्ये दाखवलं की गरिबाला मिळालेल्या मोहरेची किंमत श्रीमंताला मिळालेल्या मोहरेपेक्षा जास्त असते, म्हणून शहाणा माणूस जोखीम टाळतो. पण बेर्नुलीचं कारण माणसाच्या मनात आहे. आपल्या चिंचोक्यांचं तसं नाही. इथे भीती नाही, हाव नाही, कुणाच्या स्वभावाचा प्रश्न नाही. आहे ती फक्त बक्षिसांची यादी: ५०, ३०, २०. तेवढ्यावरून काळीज नसलेलं यंत्रसुद्धा सावध होतं. आपण ज्याला धीर किंवा भित्रेपणा म्हणतो, त्यातला केवढा तरी भाग बक्षिसांच्या यादीत आधीच लिहिलेला असतो.

आता काठावरची पानं हातात घेऊ. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मग पाच पानं सगळ्यांसाठी मध्ये उघडतात, सातांतून पाचांचा उत्तम संच ज्याचा तो जिंकतो. डाव सुरू होण्याआधी दोघांना सक्तीने थोडं लावावं लागतं, त्याला ब्लाइंड म्हणतात. आपल्या डावात छोटी ब्लाइंड १ चिंचोका, मोठी २. तुम्ही मोठ्या ब्लाइंडवर आहात, म्हणजे २ गेले, २३ हातात. पहिल्या दोघांनी पानं टाकली. छोट्या ब्लाइंडवाल्याने सगळे २५ पुढे लोटले. तुम्ही पानं उचलून बघता तर राजा आणि गुलाम, वेगवेगळ्या रंगांचे.

चिंचोक्यांच्या हिशेबात हा प्रश्नच नाही. २३ घालायचे, जिंकलं तर ५० मिळणार, म्हणजे १०० तून ४६ वेळा जिंकलं तरी भागतं. समोरचा कोणतीही पानं घेऊन लोटतो आहे असं धरलं, तर राजा-गुलाम साधारण १०० तून ६० वेळा जिंकतात. डोळे मिटून आव्हान घ्यावं.

पेढ्यांच्या हिशेबात मात्र चित्र पालटतं. पानं टाकली तर २३ चिंचोके उरतात, त्यांची किंमत २३.७ पेढे. घेतलं आणि जिंकलात तर ३८ आणि एक तृतीयांश, हरलात तर शून्य. भाग देऊन बघा: घ्यायचं असेल तर १०० तून जवळजवळ ६२ वेळा जिंकता यायला हवं. चिंचोके सांगतात ४६, पेढे सांगतात ६२! राजा-गुलाम ६० च्या आसपास अडकतात. पंजीची जोडीही तिथेच अडकते. समोरचा पानं न बघता लोटतो आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं, तरीही ही चांगली पानं टाकून द्यायला हवीत. छक्कीची जोडी आली तर घ्यावं, एक्का-दश्शी आली तर घ्यावं. मधली रेषा इतकी बारीक आहे.

खुर्ची बदला. आता लोटणारे तुम्ही आहात, छोट्या ब्लाइंडवर, आणि हातात वेगवेगळ्या रंगांची दुर्री-सत्ती, म्हणजे होल्डेममधली सगळ्यांत बदनाम पानं. समोरचा हिशेब जाणणारा आहे. त्याला ६२ टक्के हवेत, आणि ५२ पानांतून होणाऱ्या १,३२६ जोड्यांपैकी तेवढ्या ताकदीच्या साधारण दहातली एक. म्हणजे तुम्ही लोटलंत तर तो दहातून नऊ वेळा मुकाट पानं टाकणार. मग तुमचे चिंचोके २७ होतात, त्यांची किंमत सव्वासव्वीस पेढे. तुम्हीच पानं टाकली असती तर २४ चिंचोके, २४.३५ पेढे. दहाव्या वेळी तो पकडतो, म्हणजे आव्हान घेतो, तेव्हाही दुर्री-सत्ती चारातून एखाद वेळा जिंकून जाते. सगळं जमेस धरलं तर लोटण्याची किंमत २४.६ च्या आसपास येते. पाव पेढ्याने का होईना, लोटणंच सरस. तीच खेळी, तेच चिंचोके, आणि दुर्री-सत्ती पुढे लोटणं बरोबर असताना राजा-गुलाम घेऊन ती पकडणं चूक. जो आधी लोटतो त्याला दोन वाटांनी जिंकता येतं, समोरचा पानं टाकतो म्हणून किंवा पानं सरस निघतात म्हणून. घेणाऱ्याला एकच वाट.

यातला विलक्षण भाग पुढेच आहे. समोरच्याला हा हिशेब ठाऊक नसेल आणि त्याने राजा-गुलाम घेऊन पकडलंच, तर त्याचं नुकसान अर्ध्या पेढ्याचं. पण लोटणाऱ्याची किंमत सव्वासव्वीसवरून १५ वर घसरते. त्याने काहीच चूक केली नव्हती. दोघांचे मिळून साडेअकरा पेढे पुन्हा त्या हात बांधून बसलेल्या दोघांकडे जातात. समोरच्याची चूक म्हणजे माझा फायदा, ही आपली खेळाबद्दलची मुळातली समजूत. बक्षिसाच्या उंबरठ्यावर ती कोलमडते. म्हणून इथे समोरच्याला किती कळतं यावर तुमची दुर्री-सत्ती लोटण्याजोगी आहे की नाही ते ठरतं. तो काय करेल हे मी काय करेन यावर, आणि मी काय करेन हे तो काय करेल यावर. या भुलभुलैयातून बाहेर पडण्याची वाट गणिती जॉन फॉन नॉयमनने १९२८ मध्ये, एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळापुरती दाखवली. जॉन नॅशने १९५० मध्ये ती कितीही जणांसाठी खुली केली, आणि आपल्या प्रबंधात उदाहरण म्हणून तिघांच्या छोट्या पोकरचा डाव सोडवून दाखवला.

वर मी ‘समोरचा कोणतीही पानं घेऊन लोटतो आहे’ असं सहज धरलं. खरा खेळ तिथेच आहे. तो नेहमी असं करतो का? मघापासून दोनदाच लोटलंय की सहा वेळा? थोडं पाहून सगळ्याचा अंदाज बांधायचा. या विद्येची एक थोर गोष्ट आपल्याकडे महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात राज्य हरलेला नल सारथी होऊन राजा ऋतुपर्णाचा रथ हाकतो आहे. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो की या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २,०९५ फळं. नल रथ थांबवतो, झाड तोडतो, फळं मोजतो, आणि आकडा जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला सांगतो, मला अक्षहृदय येतं, फाशांचं मर्म. मोबदल्यात नल त्याला घोड्यांची विद्या देतो. झाड बेहड्याचं असणं हा योगायोग नव्हे. प्राचीन काळी बेहड्याच्या फळांनीच द्यूत खेळत. हे मर्म शिकून नल परत जातो तेव्हा भावाशी, पुष्कराशी, एकाच डावात सर्वस्व लावतो आणि राज्य परत मिळवतो. आपल्या परंपरेतला हा एक प्रसिद्ध ऑल-इन. झाडावरची फळं अंदाजाने सांगण्याची विद्या आणि फासे खेळण्याची विद्या एकच आहे, हे ज्या कुणाला त्या काळी सुचलं त्याच्यापुढे मी हात जोडतो. युरोपात हे नातं उमगायला सतरावं शतक उजाडावं लागलं. धारवाडच्या साधनकेरीत राहणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, घरात मराठी आणि कवितेत कन्नड, उतारवयात आकड्यांत असे बुडून गेले होते की त्यांना ही गोष्ट फार जवळची वाटली असती असं मला वाटतं.

मी पेढेच का घेतले, पैसे का नाही? कारण पैसे लावलेला खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या भांडणाचा धारवाडच्या या भागाला मोठा इतिहास आहे. १९५० च्या दशकात बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघे आणि त्यातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा चाले. बंगळूर तेव्हा म्हैसूर राज्यात, तर हुबळी-धारवाड मुंबई राज्यात. साप्ताहिक मुंबई राज्यात खपे, प्रवेशिका इथल्या केंद्रांवर गोळा होत, म्हणून मुंबई राज्याने कर मागितला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल १९५७ मध्ये निकाल लागला तोवर धारवाड स्वतःच म्हैसूर राज्यात गेलं होतं. ही स्पर्धा जुगार आहे आणि जुगार हा व्यापार नव्हे, असं न्यायालय म्हणालं. त्याच दिवशीच्या जोडनिकालात मात्र, ज्यात बऱ्याच अंशी कौशल्य लागतं अशा स्पर्धांना त्याने वेगळं काढलं. १९६७ मध्ये रमी कौशल्याच्या बाजूला गेली. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायदा बदलून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ ला त्या तरतुदी रद्द केल्या. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठीच कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच मोडीत काढला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला मनाई, मग तो खेळ कोणताही असो. ऑनलाइनच्या बाहेर मात्र अनमोड घाट उतरून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींवर जाणारे जातातच.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी घरंच्या घरं कर्जात गेली आहेत, तेव्हा हा कायदा आणण्यामागची कळकळ मला पटते. पण न्यायालयांनी सत्तर वर्षं विचारलेल्या प्रश्नाला आपल्या चिंचोक्यांपाशी एक फार नेमकं उत्तर आहे. चिंचोके पुढे लोटेपर्यंत सगळं कौशल्य आणि लोटल्यावर सगळं नशीब. पानं उघडायला लागली की जगातला श्रेष्ठ खेळाडू आणि काल शिकलेला पोरगा एकाच पातळीवर येतात. राजा-गुलाम टाकणारा बरोबर होता की चूक, हे मधल्या पाच पानांत कधीच दिसत नाही, कारण शंभरातल्या त्या साठ वेळांपैकी एखादी वेळ आज असू शकते. यंत्रांचं म्हणाल तर, कार्नेगी मेलन विद्यापीठात घडवलेल्या प्लुरिबस या संगणकप्रणालीने २०१९ मध्ये सहा जणांच्या पोकरमध्ये निष्णात व्यावसायिकांना हरवलं, पण त्या प्रयोगात प्रत्येक डावाला सगळ्यांना पुन्हा सारख्याच चिप्स दिल्या होत्या. बक्षिसाच्या उंबरठ्यावरची ही पेढ्यांची विषमता त्यात आलीच नाही. पिशवीच्या हिशेबालाही मर्यादा आहेत. पुढच्या डावात ब्लाइंड कुणावर येणार आहे, कोण जास्त हुशार आहे, हे त्याला दिसत नाही.

बक्षिसांची यादी आणखी ताणून बघा. काही स्पर्धांत बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेची जागा असते आणि प्रत्येक विजेत्याला तीच मिळते. त्यांना सॅटेलाइट म्हणतात. तर आता पहिल्या तिघांनाही सारखेच, ३०-३० पेढे. चौथ्याला काही नाही. तुमच्यासह तिघांकडे ३३-३३ चिंचोके आहेत, चौथ्याकडे फक्त १. ३३ वाल्या एकाने सगळं लोटलं. तुम्ही पानं उचलता तर दोन एक्के, म्हणजे होल्डेममध्ये याहून चांगली पानं नाहीतच. कोणत्याही पानांविरुद्ध ती सरासरीने १०० तून ८५ वेळा जिंकतात. आणि ती टाकून द्यायची! पिशवीच्या हिशेबाने, काहीही न करता तुमचे ३० पेढे १०० तून ९८ वेळा पक्के आहेत. घेतलंत तर ८५ वेळा. जिंकून ६६ चिंचोके झाले तरी तीसच्या वर एक पेढा मिळायचा नाही. आणि तुम्ही घेतलंतच, तर ज्याच्यापुढे एकच चिंचोका उरला होता त्याची ३० पेढ्यांची शक्यता १०० तून पाचवरून एकदम १०० वर जाते, कारण तुम्हा दोघांतला एक जण आता उठणार आहे.